किरकोळ

आमच्या घरखर्चात क्रिकेट नावाचं खातं नाही. दूध आहे, किराणा आहे, पेट्रोल आहे, सोसायटीचा मेंटेनन्स आहे, टँकरची वर्गणी आहे (पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला पाणी एक दिवसाआड येतं, सामने मात्र रोज असतात), आणि या सगळ्यांच्या डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता मांडी ठोकून बसलेला आहे. क्रिकेट कुठेच नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे अनुभवाने सांगते: ज्या खर्चाला खातं नसतं तो थांबत नाही, दुसऱ्यांच्या खात्यांत घुसतो.

सामने दाखवणाऱ्या ॲपची वर्गणी आमच्याकडे ‘मुलीचं शिक्षण’ यात आहे, कारण तिने त्यावर एकदा पेंग्विनांची फिल्म पाहिली होती. उपांत्य फेरीच्या रात्री मागवलेली बिर्याणी ‘आजारपण’ या सदरात गेली. त्या रात्री स्वयंपाक करण्याच्या अवस्थेत घरात कुणीच नव्हतं. टीव्हीखालचा साउंडबार ‘दिवाळी’त दाखवला आहे, घेतला मे महिन्यात. गहुंजेला जाण्या-येण्याचं पेट्रोल ‘नातेवाइकांकडे’. सासरच्या एक आत्या किवळ्याला राहतात, स्टेडियमच्या वाटेवरच. जाताना त्यांच्या दारात दहा मिनिटं टेकलं की खर्च नियमित होतो. आत्यांना वाटतं, पिंपळे सौदागरची सून फार माया करते. करतेच. वेळापत्रक पाहून करते, एवढंच.

ऑडिटर घरातच आहे. नवरा हिंजवडीत आयटीत. त्याला क्रिकेट कळतं पण गोडी नाही. त्याचा खेळ एकच, चक्रवाढ व्याज. कुठलाही खर्च दिसला की तो त्याला उचलून वीस वर्षं पुढे नेऊन ठेवतो. भारतीय संघाची अस्सल जर्सी पाच हजारांच्या आसपास होती. मी ती कार्टमध्ये टाकली तशी मागून आकाशवाणी झाली, “बारा टक्क्यांनी वीस वर्षांत याचे अठ्ठेचाळीस हजार होतात.” मी हिशेब करून पाहिला. बरोबर होता, हेच तर दुःख. मी म्हटलं, “आणि वीस वर्षांनी अठ्ठेचाळीस हजारांत जर्सी येईल का?” महागाईचा दर किती धरावा या विचारात तो पडला, तेवढ्यात मी पैसे भरून टाकले.

जर्सी हातात आल्यावर मी आधी छातीवरचं नाव वाचते. धंद्याची सवय. तिथे कित्येक वर्षं सहारा होती. तिचं सेबीशी भांडण लागलं आणि २०१४ मध्ये मालक तिहारात. पुढे बायजूज आली. २०२४ पर्यंत प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात. मग ड्रीम इलेव्हन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि आपला संघ आशिया चषकाला कोऱ्या छातीने गेला. नवरा म्हणतो, शेअर कधी विकावा यासाठी सल्लागाराला पैसे कशाला द्यायचे, जर्सी बघावी. त्यानंतर अपोलो टायर्स आले. आमचा चाकण-भोसरीचा निम्मा पट्टा चाकांवरच पोट भरतो, त्यामुळे मी यावर विनोद करत नाही. रात्री देवाला हात जोडताना टायरवाल्यांचंही नाव घेते.

तरी जर्सीत गेलेला पैसा दिसतो तरी. निष्ठेत गेलेला कसा दाखवायचा? पुणेकर म्हणून (अशा वेळी आम्ही पिंपरी-चिंचवडकर स्वतःला पुणेकर म्हणवून घेतो, एरवी पुणेकर म्हणू देत नाहीत) मी आयपीएलमध्ये जी भावनिक गुंतवणूक केली, ती सगळी बुडीत खात्यात आहे. पहिली पुणे वॉरियर्स. २०१० मध्ये सहाराने सुमारे १,७०० कोटींना संघ घेतला, तीन हंगाम तळाशी लोळवला, मधल्या काळात ख्रिस गेलने बंगळुरूत आमच्या गोलंदाजांना ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावांचा अहेर केला, आणि २०१३ च्या अखेरीस बँक गॅरंटीवरून कारभार आटोपला. बँक गॅरंटी! माझ्या आवडत्या संघाचा शेवट माझ्याच टेबलावरच्या विषयाने व्हावा! दुसरे रायझिंग पुणे सुपरजायंट्स. मुळात दोनच वर्षांच्या मुदतीवर आलेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला आणि खरंच अंतिम फेरी गाठली. २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने हरायचं आणि लगोलग संघच बंद, हे दुःख मांडायला हिशेबशास्त्रात सदर नाही. तिसरी चेन्नई. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून तिकडे आंदोलन पेटलं आणि त्यांचे घरचे सामने गहुंजेला आले. तिकडचे पाठीराखे खास रेल्वेगाडीने आले. आमच्या भागात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा एखादा भाडेकरू इतका चांगला निघतो की घरमालकीण त्याच्यात जीव गुंतवते, आणि एके दिवशी तो पेढे देऊन मूळ गावी निघून जातो, तसं झालं. त्या वर्षी कप त्यांनीच जिंकला. पेढेसुद्धा नाहीत.

आयपीएल ठरवणाऱ्यांमध्ये अकाउंट्सचा माणूस नाही, हे वेळापत्रकावरून उघड आहे. असता, तर मार्च एंडला स्पर्धा सुरू झाली नसती. २०२३ चा पहिला सामना चक्क ३१ मार्चला होता. चाकणला आमची वर्षाची वही बंद करायची रात्र. गोदामात स्टॉक मोजणी चाललेली, ऑडिटरकडून आर्टिकलशिपची दोन पोरं आलेली, आणि अहमदाबादला थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला आमचा ऋतुराज गुजरातच्या गोलंदाजांना षटकारावर षटकार मारतोय. पोरांपैकी एकाचा मोबाइल स्टॉक रजिस्टरखाली होता. ते मला दिसत होतं, हे त्यालाही दिसत होतं. दर थोड्या वेळाने तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “मॅडम, हा आकडा जरा बघता का?” आणि मी तितक्याच गंभीरपणे वाकून बघायचे. ऋतुराज ५० चेंडूंत ९२ वर बाद झाला. शतकाला आठ कमी. आम्ही दोघांनी एकदमच “अरेरे” म्हटलं. शेजारच्या स्टोअर्सवाल्याने दचकून विचारलं, “काय मॅडम, माल कमी निघाला?”

खाली शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी. सेकंड शिफ्टवाल्यांना सामना दिसत नाही आणि प्रेसच्या धडधडाटात ऐकूही येत नाही. पण माहिती पोचते. सिक्युरिटी केबिनमधून चहावाल्याकडे, त्याच्याकडून फोर्कलिफ्टवाल्याकडे, आणि फोर्कलिफ्ट तर सगळीकडेच फिरते. काचेच्या केबिनमधून मला ते दृश्य दिसतं: पॅलेट उतरवून परत जाताना तो एक हात आडवा हलवतो, म्हणजे चौकार. बोट वर, म्हणजे विकेट. ओळीने उभे असलेले ऑपरेटर मानेनेच पोच देतात. एकदा षटकार सांगायला त्याने दोन्ही हात वर केले. नेमका त्याच क्षणी सेफ्टी ऑफिसर दारात. चालू गाडीवरून दोन्ही हात सोडल्याबद्दल त्याला मेमो मिळाला. मेमोतल्या कारणाच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे “षटकार” असं लिहिलं. तो कागद फायलीला लागलेला मी स्वतः पाहिला आहे. पुढचा षटकार त्याने हॉर्न दोनदा वाजवून कळवला.

आयटीत हे प्रकार होत नाहीत असं नवऱ्याचं म्हणणं. तिथे सगळं म्यूटवर चालतं. सामना साडेसातला सुरू होतो आणि अमेरिकेचा कॉलही त्याच सुमाराला. त्याच्या टीममधल्या एकाकडून म्यूट करायचं राहिलं आणि नेमकी बुमराने दांडी उडवली. “यस्स!” असा जो आवाज गेला, तो क्लायंटने होकार समजून टिपून घेतला. आता टीमकडे आणखी एक मॉड्यूल आहे, शनिवारचं काम आहे, आणि क्लायंटच्या मते पुण्याच्या लोकांचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे.

खेळातून पैसा येतो, जात नाही, असं मानणाराही एक पंथ आमच्या कारखान्यात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भरती आली. पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाला विश्वचषकात ड्रीम इलेव्हनवर दीड कोटीचं बक्षीस लागलं. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी भाजीला मीठ नव्हतं, तरी कुणी तक्रार केली नाही. जो तो फोनवर अकरा माणसं निवडत होता. मी कागदावर आकडे मांडून सांगायचा प्रयत्न केला की अशा बक्षिसावर सरळ ३० टक्के कर लागतो, म्हणजे पंचेचाळीस लाख हातात यायच्या आधीच गेले. “मॅडम, पंचेचाळीस लाख गेले तरी चालतील,” असं उत्तर आलं. ज्याला मिळालेच नाहीत, त्याची गेलेल्यांबद्दलची उदारता बघून मला भरून आलं. पुढे काही दिवसांत त्या उपनिरीक्षकाचं निलंबन झालं. गणवेशात मुलाखती दिल्याचाही ठपका होता. तरी पंथ डळमळला नाही. डिस्पॅचमधला एकजण रोज ४९ रुपये लावायचा आणि त्याला “माझी एसआयपी” म्हणायचा. कायद्याने ती बंद झाली तेव्हा नवऱ्याने त्याला खऱ्या एसआयपीचा फॉर्म भरून दिला. महिन्याभराने तो विचारत आला, “साहेब, यात कॅप्टन कोण करायचा?”

कसोटीचं अर्थशास्त्र मात्र वेगळं, ते रजेत मोजतात. गहुंजेची कसोटी म्हणजे पाच दिवसांचं नियोजन, उन्हाची टोपी, कामवाल्या मावशींशी वाटाघाटी. पण गहुंजेची खेळपट्टी कारखानदारांच्या बाजूची आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टीव्ह ओ’कीफने बारा बळी घेऊन तिसऱ्या दिवशी सामना संपवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सँटनरने तेरा घेतले आणि न्यूझीलंडने पुन्हा तिसऱ्याच दिवशी, शनिवारी, निकाल लावला. मायदेशात सलग अठरा मालिका जिंकलेला संघ आमच्या अंगणात हरला. मी सोमवारची, पाचव्या दिवसाची, रजा मंजूर करून घेतली होती. वसुबारसेला मी ऑफिसात हजर. साहेबांनी बोनसच्या फायली पुढे सरकवत म्हटलं, “बरं झालं हो हरले.” देशाची हार आणि चाकणची उत्पादकता यांचा संबंध अर्थखात्याने कधीतरी तपासावा.

नवऱ्याच्या चक्रवाढीला आजवर एकाच माणसाने पेचात टाकलं आहे. ते म्हणजे अण्णा. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे एकेकाळी त्यांच्या भावकीचं शेत होतं. आता भाड्याची दुकानं आहेत, दारात दोन गाड्या आहेत, आणि मागच्या पत्र्याच्या गोठ्यात शर्यतीचे बैल. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला इन्फिनिटी पूल दिसतो आणि दुसऱ्या बाजूला खिल्लारी शिंगं. अण्णांना क्रिकेटचं काही वाटत नाही. “दिवसभर उभं राहायचं अन् संध्याकाळी कोण जिंकलं ते बी ठरंना,” हे त्यांचं कसोटीवरचं मत. त्यांचा खेळ दहा-बारा सेकंदांचा. चार बैल, पुढे घोडी, घाट चढून जायचं, भिर्रर्र म्हणेपर्यंत बारी संपते. दिवसातला सगळ्यांत वेगवान गाडा घाटाचा राजा. २०२२ साली टाळगाव चिखलीच्या घाटात पहिलं बक्षीस जेसीबी होता, हे अण्णा असं सांगतात की जेसीबी त्यांनाच मिळाला आहे.

एकदा नवऱ्याने गोठ्यापाशी उभं राहून खुराकाची चौकशी केली. दूध, अंडी, उडीद, कणकेचे गोळे, शिवाय सांभाळायला माणूस. मग त्याच्या लक्षात आलं की मे २०१४ ते डिसेंबर २०२१ शर्यतींवर बंदी होती.

“अण्णा, तेव्हा बैल विकले असतील?”

“विकायला काय झालं?”

“सात वर्षं शर्यत नसताना खुराक चालूच?”

“शर्यत बंद होती साहेब, बैलाचं त्वांड न्हाई.”

नवऱ्याने फोन काढला. मला कळलं, आता सात वर्षांचं दूध बारा टक्क्यांनी पुढे जाणार. त्याने आकडा काढला, अण्णांना दाखवला. अण्णांनी चष्मा लावून तो नीट वाचला, म्हणाले, “एवढं दूध पिलं व्हय! म्हंजी पळनारच की!” आणि खूश होऊन बैलाच्या पाठीवर थाप मारली. वर आम्हाला खेडच्या बाजूच्या एका यात्रेचं आवतण दिलं.

आम्ही गेलो. भंडारा उधळला जात होता, लाउडस्पीकरवरचा माणूस श्वास न घेता बोलत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा असा खेळ बघत होते ज्यातल्या एकाही खेळाडूचा ॲव्हरेज मला ठाऊक नव्हता. नवरा केव्हाच माझ्या शेजारून सटकला होता. शोधलं तर साहेब घाटाच्या तोंडाशी, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभे. पंचांना तो समजावत होता की हाताने दाबलेल्या घड्याळात सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक येते, आणि अकरा सेकंदांच्या बारीत ती किती टक्के होते. पंच मान डोलवत होते. तेवढ्यात खालून अण्णांची आरोळी आली:

“सेन्सर लावलाय वो साहेब! तुम्ही आधी घोडीच्या वाटेतनं बाजूला व्हा!”