तुघलक, मी आणि हॅश ब्राउन

परदेशात गेल्यावर माणसानं तिथलंच खावं, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणी विचारलं नसतानाही सांगते. सहल कंपनीच्या बसमधून उतरता उतरताच "रात्री वरणभात आहे ना हो?" असं टूर मॅनेजरला विचारणारी आपली माणसं पाहिली की मला त्यांची कीव येते. समोर आल्प्स, आणि यांच्या हातात खाकरा! मी त्यातली नव्हे. मी बाजारात घुसते, नाव उच्चारता येत नाही असा पदार्थ मागते, डोळे मिटून पहिला घास घेते. निदान फोटोत तरी. आमच्या सिडकोतल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या या धाडसाबद्दल फार चांगलं मत आहे. ते तयार व्हावं म्हणून मी मेहनतही तशीच घेतली आहे.

लंडनच्या बरो मार्केटमध्ये मी उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेलं चीज खरवडून ओतणाऱ्या माणसाचा फोटो काढला, बर्फावर मांडलेल्या कालवांचा काढला, प्रचंड कढईत शिजणाऱ्या पिवळ्या भाताचा काढला. फोटोला पैसे पडत नाहीत. मग पाटीवरच्या किमती वाचल्या. परदेशात आमच्याकडे गुणाकाराचं खातं ह्यांच्याकडे असतं. "पौंडाचे शंभराच्या वर होतात," एवढंच हे म्हणतात आणि गप्प बसतात. त्या गप्प बसण्यानं माझी भूक मरते. फोटो ग्रुपवर गेले, "तोंडाला पाणी सुटलं गं" वगैरे आलं. ते सगळं मी वाचलं तेव्हा माझ्या पुढ्यात मॅकडोनाल्ड्सच्या कागदी पिशवीतलं हॅश ब्राउन, म्हणजे तळलेल्या बटाट्याची वडी, होतं.

मॅकडोनाल्ड्सचं ब्रिटनमधलं पहिलं दुकान १९७४ मध्ये लंडनच्या वुलिच भागात निघालं. मी मॅकडोनाल्ड्समध्ये इतक्या वेळा का दिसते, याचा खाण्याशी काही संबंध नाही. पहिलं कारण म्हणजे ऑर्डर घेणारा तो मोठा पडदा. मी कॉलेजात हयातभर इंग्रजी शिकवलं आहे. मॅकबेथ शिकवला, हार्डी शिकवला. पण लंडनच्या काउंटरवरची अठरा वर्षांची मुलगी एका श्वासात जे काही विचारते, त्यातलं मला "आर यू" सोडून काही कळत नाही. मी "पार्डन?" म्हणते, ती पुन्हा तेच, आता थोडं मोठ्यानं, आणि मागची रांग माझ्या पदव्यांकडे बघत असते. पडदा असं करत नाही. चित्राला बोट लावा, कार्ड टेकवा, नंबर घ्या. इथेच खाणार की घेऊन जाणार, हा प्रश्नसुद्धा तो लेखी विचारतो आणि उत्तराची वाट बघतो.

दुसरं कारण मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. संडास. पन्नाशी-साठीची बाई परदेशात काय शोधत हिंडते, याचं खरं उत्तर कुठल्याही प्रवासवर्णनात सापडत नाही. युरोपात कितीतरी ठिकाणी या कामाला अर्धा-एक युरो पडतो, तोही सुटा लागतो, आणि सुटा नेमका तेव्हाच नसतो. अशा वेळी लांबवर मॅकडोनाल्ड्सची ती पिवळी कमान दिसली की माझा ऊर भरून येतो. इतक्या देशांतल्या चर्चमध्ये गेले, पण "देव आहे" असं मला मनापासून त्या कमानीखालीच वाटलं.

ह्यांचं खाणं हा वेगळा विषय आहे. हे शाकाहारी, आणि संकष्टी लंडनमध्ये आली तरी सोडत नाहीत. तिथल्या सकाळच्या साध्या कॅफेत 'फुल इंग्लिश' नावाचं ताट मिळतं. सॉसेज, बेकन, अंडं, परतलेले मशरूम, अर्धा टोमॅटो, आणि गोडसर लाल रसातला राजमासदृश प्रकार, हा सगळा ऐवज एकाच बशीत एकमेकांना चिकटून येतो. त्यातून ह्यांच्यासाठी टोमॅटो आणि टोस्ट वेगळा काढावा लागतो. ग्रेग्ज या बेकऱ्यांच्या साखळीनं २०१९ च्या जानेवारीत मांसाविना सॉसेज रोल काढला, तेव्हा टीव्हीवरून एका निवेदकानं केवढा थयथयाट केला होता. मला मात्र त्या बेकरीवाल्यांना साडीचोळी करावीशी वाटते. तो निवेदक स्वतःचं हसं करून घेत असताना आमच्या घरातला एक माणूस जेवत होता.

उपासाचं या दुकानांना अगदीच वावडं आहे असंही नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कॅथलिक वस्तीत शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या दुकानदाराचा गल्ला शुक्रवारी रिकामा. त्यानं १९६२ मध्ये माशाचा बर्गर काढला. मुख्य मालक रे क्रॉक यांना मासा पसंत नव्हता. त्यांनी पावात अननसाची चकती आणि चीज घालून 'हुला बर्गर' पुढे केला. दोन्ही एकाच दिवशी विकायला ठेवले आणि मासा जिंकला. उपासाला चमचमीत हवंच, हे सिनसिनाटीलाही कळलं होतं तर! मात्र बटाट्याच्या तळणीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये ती शाकाहारी, अमेरिकेत तिच्यात गोमांसाचा स्वाद असतो. त्यावरून खटले झाले आणि २००२ मध्ये कंपनीनं माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. म्हणून अमेरिकेतल्या संकष्टीला हे केळ्यांवर राहिले आणि मी अत्यंत सहानुभूतीनं त्यांच्यासमोर पिझ्झा खाल्ला.

या माणसाच्या बॅगेत घरून निघताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो. मी त्याला दर वेळी हसते. आणि हसताना माझं एक ठरलेलं उदाहरण आहे: नान खलिया. आमच्या संभाजीनगरात येऊन जो नान खलिया न खाता परत जातो, तो औरंगजेबाचं थडगं बघून गेला काय नि न गेला काय, असं मी पाहुण्यांना ऐकवते. तंदुरातून निघालेला तो पिवळसर, मऊ, जाडजूड नान, वर तर्री आलेलं मटण, लग्नातल्या लांबलचक पंगती. याला म्हणायचं मातीतलं खाणं!

पण लंडनच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, डाव्या हाताला कसलासा राजवाडा चालला असताना मला तुघलक आठवला. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. बरोबर अमीर, उमराव, सूफी, शिपाई, बायकापोरं. हजाराहून जास्त किलोमीटरची वाट. या माणसांचं पोट भरायला शेकडो नान एकदम निघतील अशा भट्ट्या पेटल्या, एकेका देगेत पलटणीच्या पलटणी जेवतील एवढं मटण शिजलं, आणि नान खलिया त्यातूनच आला, असं शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे मी पाहुण्यांना शंभरदा सांगितलं असेल. तेव्हा त्यातला घोटाळा कधी लक्षात आला नव्हता. नीट बघा. ठरलेला मार्ग, सक्तीचं सहप्रवासी मंडळ, मुक्कामाची ठिकाणं आधीच पक्की, आणि स्वतःचा आचारी बरोबर! दख्खनमध्ये आलेली ती पहिली मोठी कंडक्टेड टूर होती. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, ही अट तेव्हाही असणार. पैशाच्या जागी डोकं.

मग इथे तेव्हा खायला काही नव्हतं का? होतं की. त्यानंतर काही वर्षांनी टँजियरचा इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. मराठे भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची त्यानं तोंडभरून स्तुती केली. मोरोक्कोहून आलेल्या त्या भटक्यानं इथलं खाल्लं, निरखलं, टिपलं. आणि तुघलकाची माणसं? ती "आम्हाला आमची रोटी आणि आमचं मटण" म्हणून हटून बसली. सुलतानानं थोड्याच वर्षांत परतीचा हुकूम काढला, राजधानी गेली, भट्ट्या मात्र राहिल्या. म्हणजे जे मी सातशे वर्षं मुरलेलं अस्सल स्थानिक खाणं म्हणून मिरवते, तो प्रत्यक्षात सातशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी इथलं न खाण्याचा केलेला हट्ट आहे. त्यात पुन्हा एकाच मापाचा माल, भराभर काढायचा, रांगेत वाढायचा. वुलिचचं दुकान त्यामानानं अगदी अलीकडचं. हे सगळं मी शेजारी बसलेल्या ह्यांना सांगितलं नाही. त्यांच्या मांडीवर बॅग होती आणि बॅगेत चटणी.

हौन्स्लोला श्रीकृष्ण वडापाव आहे, २०१० पासून. मी ताठपणे नकार दिला. लंडनला येऊन वडापाव! हे एकटे गेले आणि इतक्या समाधानी चेहऱ्यानं परतले की मी दिवसभर त्यांच्याशी तुसडेपणानं वागले.

परतीच्या आदल्या दिवशी, लंडनबाहेरच्या एका गावात, सकाळी सातच्या सुमारास आम्ही अशाच एका साखळी दुकानात शिरलो. नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. पडदा बंद. काउंटरवर जाणं भाग होतं. हे दुधाचे प्रकार वाचत उभे राहिले. मी पुटपुटले, "अहो, मागची माणसं बघायलीत आपल्याकडं, सांगा की पटकन!" पलीकडून टोपी घातलेला मुलगा हळूच म्हणाला, "काकू, संभाजीनगर का?"

आमच्याच शहराजवळच्या वाळूजचा निघाला. वडील तिथल्याच एका कंपनीत कामगार. हा कर्ज काढून एमएस्सीला आलेला. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करायची परवानगी, म्हणून पहाटेची पाळी धरायची आणि मग वर्गात जायचं. एकवीस आणि त्यावरच्या वयाच्यांना तिथे तेव्हा, २०२५ च्या एप्रिलपासून, तासाला किमान १२.२१ पौंड मिळत होते, हे त्याच्याकडूनच कळलं. त्याचाही दिवसभर गुणाकारच चालायचा. आम्ही घासाला गुणत होतो, तो तासाला. आमच्या चहात त्यानं न सांगता दोन पिशव्या टाकल्या आणि दूध जास्त घातलं. मी सवयीनं मोबाइल वर केला, तर म्हणाला, "फोटो काढा काकू, पण ग्रुपवर टाकू नका. घरी सांगितलंय, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करतो म्हणून. आई रडती."

ग्रुपवर त्या सकाळी मी बरो मार्केटमध्ये होते. आदल्या दिवशीचे राहिलेले फोटो नुकतेच टाकले होते. एकाच काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही दोघं एकाच शहराशी खोटं बोलत होतो. फरक एवढाच, की त्याला आईला त्रास द्यायचा नव्हता आणि मला मैत्रिणींना द्यायचा होता.

ह्यांनी बॅग उघडली, चटणीचा डबा काढला आणि काउंटरवरून सरकवला. मुलानं इकडेतिकडे पाहून तो एप्रनखाली घातला. नियमात बसत नसावं. मागचा माणूस खाकरला, आमचा नंबर आला, आम्ही बाजूला झालो. मी फोटो काढलाच नाही.

हे झालं परदेशातलं. आता जरा आपल्याकडचं, वेरूळचं सांगते. कैलास लेण्यासमोरच्या एका हॉटेलात एक परदेशी जोडपं वेफर्स, केळी आणि बाटलीबंद पाण्यावर जेवण उरकत बसलं होतं. १९८३ मध्ये युनेस्कोनं जगाचा वारसा ठरवलेल्या जागी येऊन हे असलं खाणं मला बघवेना. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन, स्वच्छ इंग्रजीत, बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांचं माहात्म्य सांगितलं, मागवलं आणि समोर बसून खायला लावलं. त्या गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते रसिकतेचं समजले. बाई मला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होत्या आणि मी प्रत्येक वेळी ठेच्याची कृती सांगत होते. त्या काय विचारत होत्या, ते मला युरोपातल्या चौकांत, सुटा युरो हुडकताना अगदी स्पष्ट कळलं.

तर एक विनंती. वेरूळच्या, अजिंठ्याच्या वाटेवर, नाहीतर आपल्या स्टेशन रोडला कुणी पाहुणा टोस्ट-बटर खाताना दिसला, तर त्याला सुखानं खाऊ द्या. तुघलकाचा दाखला देऊ नका, नान खलियाची सक्ती करू नका, ठेचा तर मुळीच नको. स्वच्छ संडास जवळ कुठे आहे, तेवढं मात्र विचारायची वाट न बघता सांगा. आणि सांगण्याजोगा एकही नसेल, तर अर्ज लिहा. पहिली सही माझी घ्या.