व्हर्जन टूमध्ये घेऊ

ऑक्टोबर लागला की त्याच्या घरी जेवणाचं टेबल जेवायला मिळत नाही. त्यावर एक खोकं असतं. खोक्यावर पेन्सिलीने आखलेल्या रेघा, शेजारी ग्लू गन, डक्ट टेपची भेंडोळी आणि त्या पसाऱ्यात जागा करून टेकवलेलं आमटीचं पातेलं. (महाराष्ट्रात गाजलेल्या खोक्यांशी याचा संबंध नाही. ही रिकामी असतात.)

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असे बाप गल्लोगल्ली आहेत. तुमच्याही ओळखीत एक असणारच. एरवी घरातला नळ गळायला लागला तर हा गृहस्थ महिनाभर त्याखाली बादली ठेवतो. पण पोरीने सप्टेंबरात "बाबा, मला हॅलोविनला रोबो व्हायचंय" म्हटलं की याच्या अंगात विश्वकर्मा संचारतो. दुकानात रोबोचा तयार पोशाख मिळतो, तो पायजम्यासारखा चढवता येतो आणि धुतासुद्धा येतो. हे त्याच्यासमोर बोलू नका. मी एकदा बोललो, तर दिवाळी फराळाच्या डब्यात आमच्या वाट्याला नुसता चिवडा आला.

खोक्याचं त्याचं एक शास्त्र आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या धडाला मायक्रोवेव्हचं खोकं, डोक्याला डायपरचं. फ्रिजचं फार मोठं पडतं, ॲमेझॉनचं लेचंपेचं निघतं. डायपरचं त्याच्याकडे होतं, धाकट्याच्या कृपेने. अडलं होतं ते धडाचं. एका शनिवारी तो आमच्याकडे पिठलं-भाकरी खायला आला आणि जेवताना सारखा ओट्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुमचा मायक्रोवेव्ह जरा जास्तच आवाज करतो, नाही?" हिला तोवर तो आवाज कधी ऐकू आला नव्हता. त्या रात्रीपासून यायला लागला. नवा घ्यायला गेलो तर हा बरोबर. वॉट बघेना, बटणं बघेना, टेप काढून नुसती बाहेरच्या खोक्यांची मापं घेत हिंडत होता. "हा घ्या वहिनी, खांद्याला अगदी बरोबर बसतोय." आम्ही तो घेतला. आमच्या ओट्याला तो अजून बसलेला नाही, चार बोटं पुढे येतो.

हातांसाठी होम डेपो. कपडे वाळवायच्या ड्रायरमागे ॲल्युमिनियमचा चुण्याचुण्यांचा चार इंची पाइप असतो, तोच रोबोचा हात. वाकतो, ताणला जातो, हलवला की करकर वाजतो. फक्त कापलेली कड पात्यासारखी धारदार असते. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट बदलणारा हा माणूस, त्या कडेला टेपचा गोट घालताना बघावा. जीभ दातांत धरलेली, टेप अर्ध्या-अर्ध्या इंचाने आत दुमडत चाललेला, आणि दर वळशाला स्वतःचं मनगट आत घालून फिरवून बघायचं. पहिला पाइप झाला तेव्हा त्याच्या मनगटावर बारीक लाल रेघ उठली होती. त्याने तो सगळा गोट उसवला आणि पुन्हा घातला.

बायको भाजी फोडणीला टाकून आली आणि तिने पोरीला तो हात चढवून पाहिला. "अरे, हिचा हात तोंडाशी पोचत नाहीये. नाक कसं पुसणार ही?"

"ते व्हर्जन टूमध्ये घेऊ."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्याच्या घरात मिठाहून जास्त तेच वापरलं जातं. तो एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर करतो आणि तिथली ही सवय घरी आली आहे. पोरीला खोक्यात बसता येत नाही? व्हर्जन टू. दारातून जाताना आडवं व्हावं लागतं? व्हर्जन टू. डोक्याच्या खोक्यातून फक्त समोरचं दिसतं, पायाखालची पायरी दिसत नाही? तिचा हात कुणी तरी धरेल, खास भोक व्हर्जन टूमध्ये. नळाचंही तेच असावं. बादली हे व्हर्जन वन.

शिवाय त्याच्याकडे दाखले असतात. बसता येत नाही यावर बायकोने आवाज चढवला तेव्हा त्याने 1977 सालचा 'स्टार वॉर्स' काढला. त्यातल्या सी-थ्रीपीओ या सोनेरी रोबोच्या आत अँथनी डॅनियल्स नावाचा नट होता आणि त्यालाही त्या पोशाखात बसता येत नसे. दोन शॉटच्या मध्ये बिचारा एका तिरक्या फळीला टेकून उभा राहायचा. "अँथनी डॅनियल्सला जमलं ना?"

"त्याला पगार होता," बायको म्हणाली.

वेळेत काम संपेल का, असं विचारलं तर 2012 सालचा दाखला. सँडी वादळाने न्यू जर्सीची वाताहत झाली तेव्हा गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी हुकूम काढून हॅलोविन 5 नोव्हेंबरवर ढकललं होतं. लोक या घटनेतून आपत्ती व्यवस्थापन शिकले. याने एवढंच घेतलं की 31 ऑक्टोबर ही तारीख सरकली तर सरकू शकते. आजही महिनाअखेर जवळ आली आणि हात अजून धडाला लागलेला नसला की तो हवामानाचा अंदाज बघत बसतो.

एका बाबतीत मात्र तो अडून बसला. पोरीच्या चेहऱ्याला चंदेरी रंग फासावा असं बायकोच्या मनात होतं, शाळेत मुखवटा चालत नाही म्हणून. त्याने ठाम नकार दिला. 1939 च्या 'द विझर्ड ऑफ ओझ'मध्ये पत्र्याच्या माणसाचं काम आधी बडी एब्सनला मिळालं होतं. त्याच्या मेकअपमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी होती. ती श्वासावाटे फुप्फुसात गेली, तो हॉस्पिटलात पडला आणि भूमिका जॅक हेलीला गेली. हा किस्सा त्याने बायकोला, मला, माझ्या बायकोला आणि कॅश काउंटरवरच्या एका अनोळखी बाईला सांगितला. आता चेहऱ्याचे रंग सुरक्षित असतात, हे त्याला चौघांनीही सांगून झालं. हूं की चूं नाही. तिथे व्हर्जन टूही नव्हतं.

2024 साली अमेरिकेत दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. बायकोने दारात आकाशकंदील लावला, बटण दाबलं आणि उजेड पडेना. आतली दिव्यांची माळ गायब. ती रोबोच्या पोटात लुकलुकत होती. "अरे, दिवाळी आहे आज! लक्ष्मी काय अंधारात चाचपडत येणार?"

"तिला पत्ता माहीत आहे," हा म्हणाला. घराचे हप्ते पाहता तिला तो माहीत असल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

शाळेच्या मिरवणुकीची हकिगत मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी नव्हतो आणि जे होते ते अजून त्यावर मोकळेपणी बोलत नाहीत. रोबोला शू लागली. खोकं निसटू नये म्हणून बापाने पाठीमागून टेप मारला होता. बाईंनी कात्री मागवली. व्हर्जन टू.

संध्याकाळी मात्र आम्ही सगळे बरोबर होतो. 31 ऑक्टोबरला न्यू जर्सीत दिवस मावळला की बोचरी थंडी पडते. पऱ्या, राजकन्या, सुपरमॅन, सगळ्यांवर आयांनी जाकिटं चढवलेली असतात, त्यामुळे रस्त्याने नुसती जाकिटंच खाऊ मागत फिरत असतात. रोबोचा हा फायदा मान्य करायला हवा. आत स्वेटर, त्याच्या आत आणखी एक स्वेटर, बाहेरून काही कळत नाही.

आणि त्याने पोटात खरोखर एक अजब गोष्ट केली होती. छातीला फट, फटीमागे उरलेल्या पाइपचा तुकडा, खाली उशीचा अभ्रा. फटीत चॉकलेट टाकलं की ते खडखडत खाली जातं आणि पोटातले दिवे पेटतात. ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला, त्या घरी जायचं असा इथला रिवाज. पहिल्याच घरी एका आजोबांनी एक किटकॅट टाकून पाहिलं. दिवे लागले. आजोबांनी आजीला हाक मारली. आजीने दोन टाकली. मग आजोबांनी पुन्हा. पुढच्या घरी तर एक तरणाबांड गडी गुडघ्यावर बसून अख्खा वाडगाच रिकामा करत होता. आमचा विश्वकर्मा फाटकापाशी हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर भाव असा की चांद्रयान उतरलंय.

अभ्रा दुसऱ्या गल्लीतच सुटला. खोक्याला बूड नव्हतं. पोरगी पुढे चाललेली आणि मागे रस्त्यावर स्निकर्स, रीसेस, मिल्की वे अशी सांडण. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातच आलं नाही, कारण तिचा धाकटा भाऊ, दुकानातून आणलेला मऊसूत डायनोसॉर, तिच्या मागोमाग चालत एक-एक उचलत होता आणि शेपटीत भरत होता. घरी आल्यावर रोबोच्या पोटात एक गोळी निघाली. डायनोसॉरला चालवत नव्हतं.

त्याने या सगळ्यावर लिंक्डइनवर लेख लिहिला: 'पाच वर्षांच्या क्लायंटने मला काय शिकवलं'. तो मी वाचलेला नाही आणि तुम्हीही वाचू नका. क्लायंट तेव्हा सोफ्यावर झोपली होती. एका हातातला पाइप तिने काढू दिला नव्हता.

त्याच रात्री डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळ झाली होती. त्याचे वडील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चाळीत असताना ते दर दिवाळीला कामट्या तासून, घरी खळ शिजवून, घोटीव कागदाचा कंदील स्वतः करायचे. विकतचा कंदील त्या घरात कधी आला नाही आणि घरचा कधी सरळ लटकला नाही. एक कामटी हमखास आखूड पडायची. त्याची आई गॅलरीत उभी राहून ते रोज सांगायची आणि वडील म्हणायचे, "पुढच्या वर्षी नीट करू." हे त्याने मला पूर्वी कधी तरी सांगितलेलं होतं. आता त्याने फोन रोबोच्या खोक्यासमोर धरला, पोटातले दिवे लावले. म्हातारा बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत राहिला. मग म्हणाला, "उजवीकडे कलतोय रे."

"हो बाबा. पुढच्या वर्षी नीट करतो."

व्हर्जन टू नाही म्हणाला. मी शेजारीच बसलो होतो.

पुढच्या वर्षी पोरगी सहा वर्षांची झाली आणि तिला 'फ्रोझन'मधली एल्सा व्हायचं होतं. निळा झगा, विकतचाच, मैत्रिणीकडे आहे अगदी तसाच. तिने हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. टेबलावर तेव्हा खोकं होतं, त्यावर खास वाढवलेलं कोपर, बसण्यासाठी बिजागऱ्या लावलेली पाठ आणि पायरी दिसण्यासाठीचं भोक, सगळं पेन्सिलीने आखलेलं. त्याने काही वाद घातला नाही. झगा मागवला. तो प्लास्टिकच्या पिशवीत आला, खोकंसुद्धा नाही. तो त्याने पोरीला नीट घालून दिला, मागची चेन लावली, वर जाकीट चढवलं आणि तिच्याबरोबर सगळ्या घरांना जाऊन आला. एका दारात त्या आजोबांनी विचारलं, रोबो कुठे गेला? पोरगी म्हणाली, तो लहानपणी होता.

मला हा माणूस पूर्वी वैताग आणायचा. अजूनही आणतो. आमच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह अजून चार बोटं पुढेच आहे आणि भाजी चिरताना माझ्या कोपराला लागतो. पण परवा त्याचा फोन आला. धाकटा आता डायनोसॉरला कंटाळला असून त्याला क्रेन व्हायचंय. वर-खाली होणारी, हूक असलेली, खरी माल उचलणारी.

तेव्हा एडिसनच्या आसपास कुणाकडे फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा मोठा टीव्ही आला असेल, तर कृपा करून खोकं चपटं करून रिसायकलिंगला ठेवू नका. आम्हाला कळवा. आम्ही गाडी घेऊन येऊ, मागच्या सीट पाडूनच ठेवल्या आहेत.