वनेतचं कुलूप: पूर्वतयारी, विधी आणि पथ्य

कुवेतमध्ये पिकअपला वनेत म्हणतात. ही वनेत रात्री कुवेत शहराच्या शर्क भागातल्या एखाद्या मागच्या गल्लीत, चारशे मीटरहून उंच हमरा टॉवरच्या देखरेखीखाली उभी केली आणि पहाटे दाराच्या हँडलखाली जुन्या रुपयाएवढं भोक दिसलं, तर प्रथम गाडीला एक प्रदक्षिणा घालावी. उपयोग काही नसतो. पण न घातल्यास खोलीतले लोक आठवडाभर विचारत राहतात, "मागून बघितलंस का?"

मग गेलेल्या वस्तूंची यादी करावी आणि मखफर, म्हणजे पोलीस ठाणं, गाठावं. सिव्हिल आयडी, गाडीचे कागद आणि कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, सोबत असावा. यादी सांगताना कंपनीचं ड्रिल मशीन सांगून थांबावं. मी थांबलो नाही. आदल्याच दिवशी गावाहून आलेली पिशवी सीटखाली होती, तीही गेली होती. "त्यात काय होतं?" असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं: दोन किलो तपकिरी पूड, लेबल नाही, आईने घरी बांधून दिलेली. मंदूबने याचं अरबीत काय केलं देव जाणे, पण समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. कुळीथ ही डाळ आहे, तिची पिठी करतात, पिठी भातावर घेतात, हे हातवाऱ्यांनी सांगायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे मलाही नक्की सांगता आलं नसतं. त्याच पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा उल्लेख मी शहाणपणाने टाळला.

तिसरी पायरी सल्ल्याची. खोलीत आम्ही सहा जण. त्या रात्री पाच जण कुलूपतज्ज्ञ झाले. दापोलीवाल्याचं म्हणणं, दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोक आणि घराला लावतो तसं टाळं घाल. उपाय बरा आहे, फक्त पत्र्याला भोकं पाडताना मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, तिथून जाता कामा नये. केरळचा सोबती म्हणाला, नव्या कुलपात खोबरेल तेल सोड. हे मात्र चुकूनही करू नये. इथली धूळ पिठासारखी बारीक, तेलात बसली की कुलपात चटणी होते. शिसपेन्सिलीचं टोक खरवडून ती भुकटी सोडावी.

शर्कला दारांचं हे दुखणं नवं नाही. 1920 साली शहराभोवती मातीची भिंत घातली, रात्री तिचे दरवाजे बंद व्हायचे. 1957 मध्ये भिंत पाडली आणि दरवाजे तेवढे ठेवले. आज ते वाहतुकीच्या मधोमध एकटेच उभे आहेत आणि त्यांना कुणी फोडत नाही. वनेतच्या बाबतीत हा मार्ग मी मुदीरला सुचवलेला नाही.

लॉक सेट शुवैखला मिळतो. तो उचलून तसाच बसवला तर दाराची किल्ली वेगळी आणि स्टार्टरची वेगळी, असा जुडगा कमरेला येतो. त्याऐवजी जुनी किल्ली कारागिराला द्यावी. तो आतल्या पितळी पत्त्या तिच्या दातांप्रमाणे बदलून देतो. घासाघीस करताना, 1961 पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा, ही माहिती सांगू नये. सूट मिळत नाही.

आता मुख्य विधी. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करून घ्यायला सरकारची बंदी आहे. तेव्हा मुहूर्त पहाटेचा धरावा. काच पूर्ण वर घ्यावी. डोअर पॅड काढताना दिसतील ते स्क्रू काढावेत आणि न दिसणारा एक शोधावा. तो हात धरायच्या खाचेत, इवल्याशा झाकणाखाली असतो आणि बहुतेकांना पॅड तडकल्यावर सापडतो. क्लिपा उन्हाने पापड झालेल्या असतात, मोडल्या तर शोक करू नये. आतला प्लास्टिकचा कागद मात्र न फाडता सोलावा, धूळ तोच अडवतो. कुलपाला धरून ठेवणारी एक चपटी, नालेच्या आकाराची पट्टी असते. ती काढताना दाराच्या पोटात पडते. पडतेच. आवाज ऐकावा, दोन शब्द बोलावेत आणि लोहचुंबक आणावा. नवं कुलूप बसवताना भोकामागे जाड पोलादी पत्रा घालायचा, म्हणजे पुढचा स्क्रू ड्रायव्हर तिथे अडेल.

सळया जोडल्या की दार उघडं ठेवूनच लॅच स्क्रू ड्रायव्हरने मिटवावा, किल्ली फिरवावी, हँडल ओढावं. लॅच सुटला तरच दार लावावं. मी आधी दार लावलं. पुढचे अकरा दिवस पलीकडच्या दाराने चढून, गिअर ओलांडून, गुडघ्याने हॉर्न वाजवत स्टिअरिंगपाशी पोचत होतो.

पथ्य साधं आहे. रात्री गाडीत काही ठेवू नये आणि डॅशबोर्डचा खण उघडा टाकावा, म्हणजे आत काही नाही हे चोराला काच न फोडता कळतं.

बाराव्या दिवशी पिशवी सापडली, आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली. कुळथाचं पीठ जसंच्या तसं. बोंबील नाहीत. मांजरांनी नेले म्हणावं, तर प्लास्टिकला दाताची खूण नव्हती आणि तोंडाचं रबर पुन्हा नीट, दोन वेढे घालून लावलेलं होतं. पाचही तज्ज्ञांनी पिशवी हातात घेऊन पाहिली आणि चोर कोकणातला असावा यावर त्यांचं एकमत झालं. गाडीच्या किल्ल्या दोन आहेत. दोन्ही मी खिशात ठेवतो.