परीक्षेचे नियम ऐनवेळी बदलणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. परिपत्रकाखाली तुमचा हुद्दा असतो, सही वाचता येत नाही आणि काही चुकलं तर दिलेल्या नंबरावर फोन कुणी उचलत नाही. तुम्ही कधी दिल्लीत बसता, कधी मुंबईत. खुर्ची बदलते, संस्थेची पाटी बदलते, पण खोड तीच राहते. मुलांचा दोन वर्षांचा अभ्यास संपत आला की तुम्हाला परीक्षेत सुधारणा सुचते.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नांदेड, परभणी, बीडच्या खेड्यांतून मुलं इथे येतात, एका खोलीत चौघं-चौघं राहतात, मेसचा डबा खातात आणि पहाटेपासून पुस्तकात डोकं घालून बसतात. तुमच्या निर्णयांची किंमत कोण मोजतं, हे मला रोज समोर दिसतं. म्हणून लिहितोय.

2016 साल तुम्ही विसरला असाल, आम्ही विसरलेलो नाही. त्याआधीचा खेळखंडोबाच पुरेसा होता. 5 मे 2013 रोजी वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची पहिली ‘नीट’ झाली आणि 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. 2014 मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी परत आली. अभियांत्रिकीला 2014 आणि 2015 मध्ये जेईई मेन, 2016 मध्ये पुन्हा सीईटी. तरी मुलं निमूटपणे सीईटीच्या तयारीला लागली. परीक्षा 5 मे 2016 ला ठरली होती. तिला जेमतेम आठवडा उरलेला असताना, 28 एप्रिलला, वैद्यकीय प्रवेश ‘नीट’नेच होतील असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पहिला टप्पा 1 मे, म्हणजे तीन दिवसांनी. दुसरा 24 जुलै.

त्या आठवड्यात वर्गात काय झालं ते ऐका. सीईटी होती राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकावर, ‘नीट’ अकरावी-बारावी दोन्हींवर आणि तीही एनसीईआरटीच्या अंगाने. सीईटीचा पेपर मराठीत मिळत होता, त्या वर्षीची ‘नीट’ फक्त इंग्रजी आणि हिंदीत. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे गोल भरून टाकायचे हे आम्हीच मुलांच्या हाताला लावलेलं वळण. ‘नीट’मध्ये चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण कापला जातो, तिथे हेच वळण घातक. बरोबर उत्तर येत नसेल तर हात आवरायचा, हे सतरा-अठरा वर्षांच्या पोराला चार दिवसांत कसं शिकवायचं? एका मुलीने मला विचारलं, “सर, आता अकरावीचं पुस्तक कुठून आणू? मी ते धाकट्या भावासाठी गावाला पाठवलंय.” पुस्तक मी दिलं. ते वाचायला लागणारा वेळ मात्र माझ्याजवळ नव्हता.

पुढे 24 मे रोजी अध्यादेश निघाला आणि राज्याच्या कोट्यातल्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. तोवर जवळजवळ महिना गेला होता. या महिन्यात मुलं कशाचा अभ्यास करत होती, हे तुम्ही कुणाला विचारलंत? अभिमत विद्यापीठांतल्या जागांसाठी ‘नीट’ राहिलीच, त्यामुळे ज्यांना ती शक्यता सोडून देणं परवडत नव्हतं ती पोरं जुलैच्या पावसातही अभ्यासिकेतच होती. आदेश न्यायालयाचा होता, हे मान्य. पण 2013 च्या निकालाविरुद्धची पुनर्विचार याचिका जवळजवळ तीन वर्षं न्यायालयात पडून होती. निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी मुलांचं काय करायचं, याचा विचार त्या तीन वर्षांत करणं तुमचं काम होतं. ते तुम्ही केलं नाहीत.

तेव्हा घाई झाली असं म्हणाल, तर नोव्हेंबर 2023 घ्या. ‘नीट’चा सुधारित अभ्यासक्रम जाहीर झाला आणि रसायनशास्त्रातून ‘घनावस्था’ हा धडा गेला. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातला हा पहिलाच धडा. मी तो जूनमध्येच शिकवला होता. एकक कोष्टिका, तिची घनता, गणितं, सगळं. मुलांनी त्यावर चाचण्या दिल्या होत्या. बोर्डाला तो धडा आहे, सीईटीला आहे, ‘नीट’ला नाही. धडे कमी झाले तर मुलांचं ओझं हलकं होतं, हे मी नाकारत नाही. पण मेमधल्या परीक्षेचा अभ्यासक्रम नोव्हेंबरात कळत असेल, तर जून ते नोव्हेंबर मुलांनी काय करायचं?

मग आला 2025 चा जानेवारी. 2021 पासून प्रत्येक विषयात ‘ब’ विभाग होता: पंधरापैकी दहा प्रश्न सोडवायचे. ती कोरोनाच्या काळातली सवलत होती, ती कधीतरी जाणारच होती आणि ती काढली म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार तारखेची आहे. 2023 च्या जूनमध्ये अकरावीला आलेल्या मुलाने दीड वर्ष त्याच पद्धतीने सराव केला होता. कोणते पाच प्रश्न सोडायचे हे तो प्रश्नावर नजर फिरवूनच ओळखायचा, कारण ते ओळखणं हीच त्याने कमावलेली विद्या होती. जानेवारीच्या अखेरीस तुम्ही सांगितलंत की पर्याय नाहीत. परीक्षा 4 मे ला. आणि याहून वाईट म्हणजे, आधी 180 प्रश्न सोडवायला 200 मिनिटं होती, आता तेवढेच प्रश्न 180 मिनिटांत. वीस मिनिटं गेली. भौतिकशास्त्रातली पाच-सहा लांबलचक गणितं वीस मिनिटांतच बसतात. फेब्रुवारीत टेस्ट सिरीजचे जुने गठ्ठे रद्दीत गेले आणि मुलं हातात घड्याळ घेऊन नव्याने वेळ मोजायला बसली.

परीक्षा झाल्यानंतरही तुम्ही थांबत नाही. 2024 मध्ये 1563 मुलांना वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण दिलेत, ज्याचं सूत्र निकालापूर्वी कुणालाच माहीत नव्हतं. गदारोळ झाल्यावर ते गुण काढून 23 जूनला फेरपरीक्षा घेतलीत. आपल्या राज्यात 27 एप्रिल 2025 च्या एका सत्रात सीईटीच्या गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि हजारो मुलांना 5 मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. पर्यायांमध्ये न सापडणाऱ्या उत्तरासाठी एकच गणित तीन-तीनदा सोडवणाऱ्या मुलांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा.

तुमच्या प्रत्येक परिपत्रकात विद्यार्थ्यांच्या हिताची भाषा असते. ज्यांचं हित तुम्ही सांगता ती मुलं माझ्यासमोर बसतात. औसा तालुक्यातल्या एका बापाने यावर जे सांगितलं, त्यापलीकडे मला काही सुचत नाही. तो म्हणाला, “सर, सोयाबीन गुडघ्याएवढं झाल्यावर कुणी येऊन सांगितलं की यंदा तूर लावा, तर मी त्याला बांधावर उभा करीन का?” पोराच्या क्लाससाठी त्याने कर्ज काढलंय आणि ते तो अजून फेडतोय. क्लासवाल्यांना तुमच्या बदलांचा त्रास होत नाही, हेही लक्षात घ्या. नवा पॅटर्न म्हणजे नवी बॅच, नवं साहित्य, नवी फी. ज्याला ती फी परवडते तो महिन्याभरात सावरतो. ज्याच्याकडे जुनं पुस्तक आणि माझ्यासारखा एक मास्तर एवढंच आहे, त्याचं वर्ष जातं. गावाकडच्या मुलीचं वर्ष गेलं की पुढच्या वर्षी ती परत येतेच असं नाही. कित्येकींची लग्नं ठरलेली मी पाहिलीत.

तुम्ही सगळंच वाईट करता असं नाही. 2017 पासून ‘नीट’ मराठीतही देता येते, हे तुम्ही चांगलं केलंत. सीईटीला वर्षातून दोन संधी द्यायचा निर्णयही मला पटतो, कारण एका सकाळच्या तापामुळे मुलाचं नुकसान होऊ नये. म्हणजे मुलांचा विचार तुम्हाला करता येतो. तो वेळेवर करायला तुम्हाला कोण अडवतं?

माझी मागणी एवढीच आहे. अभ्यासक्रम, प्रश्नसंख्या, वेळ, गुणदान, बोर्डाच्या गुणांचं वजन, पात्रतेची अट, यांपैकी काहीही बदलायचं असेल तर तो बदल जाहीर झाल्यानंतर अकरावीत येणाऱ्या बॅचपासून लागू करा. मधल्या बॅचला हात लावू नका. न्यायालयात खटला असेल तर तिथे हीच भूमिका घ्या आणि परिपत्रकाखाली वाचता येईल असं नाव लिहा.

येत्या जूनमध्ये नवी मुलं माझ्या वर्गात येतील. त्यांची परीक्षा कशी असेल ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचं मी ठरवलंय. दोन वर्षांनी होणाऱ्या त्या परीक्षेचे नियम जूनच्या आधी पाठवा.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, जिल्हा लातूर