धरण किती भरलंय?

आमच्या घरात फोनवर 'हॅलो' म्हणायची पद्धत नाही. आबा फोन लावतात आणि थेट आकडा सांगतात. "अठ्ठ्याऐंशी पॉईंट चार." हा कोयना धरणाचा आजचा साठा आहे, टीएमसीत (अब्ज घनफुटांत) आहे आणि बोलतायत ते आबा आहेत, हे पलीकडच्यानं आपलं आपण ओळखायचं. मग कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणी चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला ते येतं. मग भावकीत कोण आजारी आहे ते. वेळ उरला तर "जेवलास का?"

वडिलांनी, म्हणजे आबांनी, बत्तीस वर्षं कोयना प्रकल्पावर काढली. माझं बालपण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि १०५.२५ हा आकडा मला बेच्या पाढ्याच्या आधी पाठ झाला. धरण पूर्ण भरलं की एवढे टीएमसी होतात. आजोबांचं शेत शिवसागराच्या, म्हणजे याच धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी आहे. त्यामुळं धरण किती भरलंय असं विचारताना आबा एका परीनं आपल्या शेतावर आज किती पाणी उभं आहे तेच विचारत असतात. पण ते तसं कधी बोलत नाहीत, आणि मीही हे इथं लिहून टाकलं तेवढंच.

तर असा मी, २०२२ च्या ऑगस्टात ऑस्लोला राहायला गेलो. नोकरी बायकोला लागली होती. निघायच्या आधी पारावर चौकशी झालीच.

"नोकरी कुणाला?"

"हिला."

"आन तू?"

"माझी पुण्याचीच चालू राहणार. तिथं बसून करायची."

पारावरचे नाना थोडा वेळ गप्प राहिले. "म्हंजी बूड नार्व्यात आन हजेरी पुण्यात."

आमच्या कंपनीनं हीच गोष्ट अडीच पानांच्या पत्रात लिहून दिली होती, आणि तरी ती इतकी स्पष्ट झाली नव्हती.

परगावी जाऊन कमावणं आमच्या पाटण तालुक्याला नवं नाही. मुंबईचा माथाडी म्हटला की तो बहुतेक घाटावरचा, त्यातही पाटणकडचा निघायचा. माथाड्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. माझे थोरले चुलते मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहत. गावच्या वीस-बावीस जणांत मिळून एक खोली. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि ती ठेवण्यापुरती जागा. झोपायचं पाळीपाळीनं. पण महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर गावी यायची. मुंबईत कमवायचं आणि गावात खर्चायचं, असा हा पिढ्यानपिढ्यांचा साधा, शहाणा हिशेब. तो मी उलटा केला. कमाई पुण्यात रुपयांत, खर्च ऑस्लोत क्रोनरमध्ये. चुलत्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त पाठीवरून हात फिरवला. पोती वाहिलेल्या माणसाचा हात होता, ओझं ओळखणारा.

एक क्रोनर तेव्हा आठ रुपयांच्या आसपास होता. पहिले सहा महिने मी आठाच्या पाढ्यावर काढले. कॉफी पन्नास क्रोनर, म्हणजे चारशे रुपये. चारशे रुपयांची कॉफी माणूस पीत नाही, तिच्याकडं बघत बसतो, आणि मग ती गार होते. केस कापायचे पाचशे क्रोनर. कोयनानगरला एवढ्या पैशात माझे चार वर्षं केस कापून झाले असते, वर डोक्याची मालिशही झाली असती. म्हणून मी केस वाढवले. पुण्याच्या ऑफिसात बातमी पसरली की नॉर्वेला गेल्यापासून हा जरा कलाकार झालाय.

खोली भाड्याची, तीन महिन्यांचं डिपॉझिट आधी. खिडकीखाली भिंतीला टेकून विजेचा लांबट हीटर. भाड्यात विजेचं बिल धरलेलं नव्हतं. ही ओळ करारात अगदी शेवटी होती, आणि तिचा अर्थ मला ऑक्टोबरात समजला.

थंडीची मला भीती नव्हती, हे आधी सांगतो. लोकांना वाटतं, कोयनेचा माणूस म्हणजे गरम देशातला. कोयनेचा माणूस हा देशातला नाहीच, तो पावसातला. आषाढात आमच्याकडं कपडे वाळत नाहीत, नुसते जुने होतात. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर शाळेचा शर्ट वाळवायचा आणि वर्गात बसून धुराचा वास यायचा. सगळ्यांचाच येत असल्यामुळं कुणाचा कुणाला कळायचा नाही. भिंतीला शेवाळ, वहीला बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी. सूर्य जूनमध्ये रजेवर जायचा आणि गणपती उठल्यावर रुजू व्हायचा. त्यामुळं ऑस्लोतले लोक मला काळजीनं सांगायचे, इथला अंधार माणसाला खातो, खास दिवा घ्या, कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर घ्या, तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. तेल तेवढं घेतलं. लहानपणी एरंडेल प्यायलेल्या माणसाला जगातलं कोणतंही तेल जातं.

बायको मात्र सोलापूरची. ऊन तिला नात्यातलं वाटतं. डिसेंबरात ऑस्लोत सूर्य सव्वानऊच्या पुढं उगवायचा आणि सव्वातीनच्या आत मावळायचा. मधल्या वेळातही तो डोक्यावर येत नाही, समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवरून चोरासारखा वाकून जातो. बायको त्याच्याकडं बघून म्हणायची, "याला ऊन म्हणायचं? आमच्याकडं चांदणं असतं असं."

माझी दिनचर्या तर त्याहून वेडी. हिवाळ्यात पुणं ऑस्लोच्या साडेचार तास पुढं असतं. पुण्याला साडेनऊला हजेरी लागली की इकडं पहाटेचे पाच. गल्लीत बर्फ, अंगावर आईनं शिवलेली वाकळ, कानटोपी, आणि कानटोपीवर हेडफोन. कॅमेरा बंद. एकदा चुकून चालू राहिला तर मॅनेजरनं विचारलं, "घरी कुणी गेलंय का?" पुण्याची जेवणाची सुट्टी माझ्या न्याहारीला यायची आणि दुपारी दोनला माझा दिवस संपायचा. दोन ते सव्वातीन एवढंच ऊन माझ्या वाट्याला. त्यात भाजी आणायची, कपडे धुवायचे, आणि 'नॉर्वे कसं आहे' हे बघून घ्यायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं सरकार घड्याळं तासभर मागं घेतं, हे आबांना मी अजून पटवू शकलेलो नाही. "कुणाच्या परवानगीनं?" असं ते विचारतात.

भाजी आणायला ग्रोनलंडला. हा ऑस्लोतला भाग पाकिस्तानी आणि इतर बाहेरच्या लोकांच्या दुकानांचा. तिथं कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन हुंगणारा माणूस दिसला की समजावं, आपलाच आहे. उरलेलं सगळं गावावरून. दर खेपेला सामानात तेवीस किलोंची मर्यादा, त्यात पाच किलो नाचणीचं पीठ.

तिथल्या खाण्याबद्दल फार बोलत नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो. त्यांच्याकडं तपकिरी रंगाचं एक चीज असतं, दुधाची निवळी आटवून आटवून केलेलं. बायकोच्या ऑफिसातल्या बाईंनी मोठ्या प्रेमानं तुकडा दिला. तोंडात टाकला आणि मी चमकलो. साताऱ्याचा कंदी पेढा! फक्त भाजता भाजता कुणीतरी साखर समजून मिठाचा डबा उघडलाय. दुसऱ्या दिवसापासून मी ते नाचणीच्या भाकरीवर खाऊ लागलो. त्या बाईंना हे सांगितलं नाही. साताऱ्यातही सांगितलं नाही.

आता हीटर. बायकोला खोलीत बावीस अंश लागायचे. मी बिल भरत असल्यामुळं मला सतरा पुरायचे. एका रात्री आबांशी बोलताना दात वाजले.

"काय वाजतंय?"

"दात. हीटर बंद ठेवलाय. वीज महाग आहे."

"वीज कशावर करतात तिकडं?"

"पाण्यावर. दहातले नऊ भाग पाण्यावर."

पलीकडं इतकी शांतता झाली की मला फोन कटला असं वाटलं. मग आबांचा आवाज आला, पण तो वेगळा होता. सोयरीक जमल्यावर येतो तसा.

"म्हंजी धरणावर? मग किती भरलंय?"

त्या दिवसापासून नॉर्वे हा आबांचा देश झाला. तिथलं सरकार देशभरच्या जलाशयांच्या साठ्याचा आकडा दर बुधवारी जाहीर करतं. दर बुधवारी मी तो आबांना कळवायचा, असा दंडक पडला. तो टक्क्यांत येतो, हे त्यांना आवडलं नाही. "टक्के परीक्षेत असतात. पाणी टीएमसीत मोजावं." आम्ही गेलो त्या वर्षी दक्षिण नॉर्वेतली धरणं बरीच खाली गेली होती आणि विजेचे दर कधी नव्हते तेवढे चढले होते. दर तासाला वेगळा भाव. उद्याचा भाव आज दुपारी एकच्या सुमाराला मोबाइलवर येतो. त्यावर माणसं ठरवतात, कपडे कधी धुवायचे, भांड्यांचं मशीन कधी लावायचं. कराडच्या मार्केट यार्डात टोमॅटोचा भाव फुटावा तसा आमच्या घरात विजेचा भाव फुटायचा. पहाटे तीनला भाव पडला की बायको उठून मशीन लावायची आणि हीटर बावीसवर करायची. मी पाचला उठायचो तेव्हा खोली ऊबदार आणि मी घाबरलेला.

गंमत म्हणजे त्याच वेळी उत्तर नॉर्वेत वीज जवळजवळ फुकट होती. देशाचे विजेच्या भावासाठी पाच भाग केलेत. उत्तरेची वीज दक्षिणेत आणायला तारा अपुऱ्या, आणि दक्षिणेची वीज समुद्राखालच्या केबलनं जर्मनीला नि ब्रिटनला जाते. म्हणजे तिकडचे भाव चढले की इकडचेही चढायचे. हे मी आबांना नकाशा काढून समजवायच्या तयारीत होतो.

"म्हंजी पानी गावचं, वीज लांबच्यास्नी, आन महागाई गावाला," आबा म्हणाले.

कोयनेच्या माणसाला नकाशा लागत नाही.

एकदा त्यांनी तिथल्या मोठ्या धरणांची चौकशी केली. ब्लोशो नावाचा जलाशय आहे, दक्षिणेत डोंगरावर. मी घनमीटरचे टीएमसी करून सांगितलं, "एकशेदहाच्या आत-बाहेर."

आपल्यापेक्षा चार-पाच टीएमसी जास्त. आबांना ते लागलं. थोड्या वेळानं म्हणाले, "गाळ वजा केलाय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन. "त्या ब्लोशोवरचं पॉवरहाऊस केवढं?"

"क्विलडाल. १२४० मेगावॉट. देशातलं सगळ्यात मोठं."

"आपलं १९६०."

तो आकडा सगळी पॉवरहाऊसं मिळून आहे, हे मी बोललो नाही. बापाला आकड्यात हरवू नये. आबा त्या दिवशी खुशीत होते. १९९९ मध्ये चौथ्या टप्प्याच्या वेळी तळ्याला खालून भोक पाडलं, बोगदा पाण्याखालपर्यंत नेऊन शेवटचा कातळ सुरुंगानं उडवला, ती लेक टॅपिंगची हकिगत त्यांनी मला चौदाव्यांदा सांगितली. नॉर्वेच्या लोकांनी ही युक्ती शेकडो वेळा केलीय, असं मी हळूच म्हणालो. "मग त्यांना विचार," आबा म्हणाले, "पैल्यांदा केली तवा रात्री झोपले होते का."

बेर्गन हे तिथलं पावसाचं गाव. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तेवढ्यावर त्याचा देशभर दबदबा. आबा हसले. "चांगला जुलै असला तर नवज्यात एका म्हयन्यात पडतो एवढा. पाहुण्यांना छत्री दे म्हणावं."

एका बाबतीत मात्र कोयनेनं माझी लाज घालवली. आमच्याकडं भांडी वाजली की विचार करायचा नसतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आबांनी नऊ वर्षांचे असताना अंगावर घेतला, आणि तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: आधी दार, मग चप्पल, मग प्रश्न. नंतरही धक्के येतच राहिले, त्यामुळं नियम कधी गंजला नाही. ऑस्लोतल्या पहिल्याच आठवड्यात रात्री मांडणीवरचे कप किणकिणले. मी बायकोला ओढत, बनियनवर, तीन मजले उतरून रस्त्यावर. समोरून ट्रॅम शांतपणे निघून गेली. तळमजल्याच्या आजीबाई दारात उभ्या होत्या. त्या इमारतीत जिन्यात कुणी कुणाशी बोलत नाही, पण त्या रात्री त्या बोलल्या. "बारा नंबरची आहे," त्या म्हणाल्या. "रोज जाते."

पुढं त्यांची नि माझी ओळख वाढली. त्यांचे वडील वीज प्रकल्पावर कामाला होते, असं एकदा बोलता बोलता निघालं. मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "चेहऱ्यावरनं वाटल्याच होत्या." त्यांनी त्या बाईंचा फोटोही बघितलेला नव्हता.

गेल्या जुलैत एका संध्याकाळी सातला आबांचा फोन आला. पुण्याचं काम केव्हाच संपलं होतं, बाहेर ऊन होतं, मावळायला अजून तीन तास अवकाश. मी बाल्कनीत पाय पसरून बसलो होतो. गावी साडेदहा वाजले असणार. आबा एवढ्या रात्री कधी फोन करत नाहीत, आणि या खेपेला आधी आकडाही आला नाही.

"आबा, काय झालं?"

"काय न्हाय. परवाच्या वाऱ्यात तारांवर जांभूळ पडलं. दोन दिस लाईट न्हाय. मोबाइल तीन टक्क्यांवर आलाय." मागं पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता, एखादा डंपर खडी ओततोय तसा. "तुझ्याकडं भाव काय आज?"

"जवळजवळ फुकट आहे. उन्हाळा आहे इथं."

"आन धरण?"

"बुधवारी कळेल. आपलं?"

"आपलं जोरात चढतंय," आबा म्हणाले, आणि घसा साफ केला. आकड्याआधी ते नेहमी करतात. "आज पाचला..."

तेवढ्यात बॅटरी संपली.