गहिवरलेले आबा

पिंगुळीच्या तिठ्यावर आबा बोलायला लागले की चहावाला आधी काचेचे ग्लास उचलतो. आबांना राग येत नाही, गहिवर येतो आणि गहिवर आला की हात टेबलावर पडतो. त्यांचा पक्ष सांगत नाही. प्रत्येक पक्षाकडे एक आबा असतातच.

कुणी नुसतं म्हणावं, वाडीतल्या नळाक पाणी नाय. आबांचा आवाज लगेच कापरा. ‘‘पाण्याचा काय घेवन बसलास? हय आमची अस्मिता सुकता आसा!’’ पाच मिनिटांत विचारणारा गद्दार ठरतो. नळ कोरडाच.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी पंतप्रधानांनी अनावरण केलेला, म्हणजे वर्षही झालं नव्हतं. हळहळले सगळेच. तिठ्यावर एक वेल्डिंगवाला आणि एक निवृत्त ओव्हरसिअर बोलत होते, खाऱ्या वाऱ्यात नट-बोल्ट कसे गंजतात, कुठलं पोलाद टिकतं, काम तपासायचं कुणी. जिल्ह्यात त्या दिवसांत झालेलं बहुधा एवढंच कामाचं बोलणं. आबा उठले. डोळ्यांत पाणी. ‘‘महाराज पडले आनि तुमका बोल्टांची पडली आसा?’’ वेल्डिंगवाला ओशाळून उठून गेला. 28 तारखेला राजकोटावर दोन्हीकडचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. आबा तिथून घसा बसवून आले. बोल्टांचा विषय घशाबरोबरच बसला.

पण पिंगुळी हे काही ऐऱ्यागैऱ्यांचं गाव नाही. ठाकर समाजाच्या चित्रकथीचं, कळसूत्री बाहुल्यांचं हे गाव. याच कलांसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली. कथा सांगणाऱ्याची इथे पारख होते. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने आबांचं भाषण विडी विझेपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, ‘‘गळो बरो आसा. पण हेच्या कथेत रावणाक एकय वाक्य नाय.’’

म्हाताऱ्याने नेमकं बोट ठेवलं. आपल्या दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतात. राक्षस राजाला तोडीस तोड बोलला नाही तर रात्र सरायची कशी? आबांच्या नाटकात राक्षसाला एंट्रीलाच मारतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि नळाचं, बोल्टाचं काय झालं ते न विचारता घरी जातात.

नेत्याने पक्ष बदलला की आबांची पंचाईत होईल असं वाटतं. या जिल्ह्याने तसे बदल पुष्कळ पाहिले. पण आबांचं भाषण तेच राहतं, गहिवरही त्याच जागी येतो. गद्दारांची यादी तेवढी उलटी होते.

पुतळा पडला त्या वर्षी गणेशचतुर्थी 7 सप्टेंबरला आली. मूळ घरात गणपती एकच. आबांचे चुलतभाऊ पलीकडच्या पक्षाचे आबा. दोघांचं बोलणं बंद, पण गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला दोन टोकांना दोन पुरुष लागतात. एका हातात दोरी, दुसऱ्यात नारळाची पेंड. मध्ये नातू निरोप्या.

‘‘त्येंका सांग, माटवी डावीकडे कलली.’’

नातू चार पावलं चालून गेला आणि उत्तर घेऊन परतला. ‘‘ते म्हणतत, कोणामुळे कलली, त्येची आदी चौकशी होवंदे.’’