नोकरी सांभाळून शब्दविक्री करू इच्छिणाऱ्या गृहस्थांसाठी मार्गदर्शक कलमे

ज्या गृहस्थास दरमहा नियमित वेतन मिळते, ज्याच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची कपात होते आणि ज्याचे नाव हजेरीपटावर कायम आहे, त्याने सायंकाळी घरी येऊन कोणा परदेशस्थ व्यापाऱ्याकरिता शब्दांच्या भावाने मजकूर लिहून देण्याचा उद्योग का आरंभावा, या प्रश्नाची चर्चा प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरची आहे. तो आरंभलेला आहे असे गृहीत धरून, नोकरीस, प्रकृतीस आणि गृहसौख्यास बाध न आणता तो कसा चालवावा, एवढेच येथे कलमवार सांगण्याचे योजिले आहे. उदाहरणादाखल गृहस्थ चिंचपाड्याचा घेतला आहे. हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे; येथे रेल्वेचे स्थानक आहे, मिशनचे जुने रुग्णालय आहे, शाळा आहेत; म्हणजे या धंद्यास लागणारा कच्चा माल, अर्थात महिनाअखेर पगार पुरत नाही अशी तक्रार असणारा सुशिक्षित पगारदार, येथे दुर्मीळ नाही. आपला कल्पित गृहस्थ नवापूरच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून असून रेल्वेने रोज अपडाऊन करतो. कचेरीत त्यास सारे भाऊसाहेब म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

कलम १ : परवानगी

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील नियम १६ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून कोणताही व्यापारधंदा अथवा दुसरी नोकरी करता येत नाही. परंतु त्याच नियमात, साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे काम, ते अधूनमधून केले जात असेल आणि त्यापायी कर्तव्यात कसूर होत नसेल तर, मंजुरीवाचून करण्याची मुभा ठेवलेली आहे. भाऊसाहेबांनी हे परंतुक रोज सकाळी स्नानोत्तर वाचावे. तथापि ‘तेलाविना तळणाऱ्या दहा उत्कृष्ट यंत्रांची तुलना’ हा बाराशे शब्दांचा लेख ललित वाङ्मयात मोडतो की शास्त्रीय, याचा निर्णय करण्याची वेळ नियमकर्त्यांवर १९७९ साली आलेली नव्हती, आणि आठवड्यातून सहा रात्री चालणारे काम अधूनमधूनचे आहे असे कोणत्याही साहेबाच्या गळी उतरविणे दुष्कर आहे. सबब मंजुरीसाठी लेखी अर्ज करणे हाच निर्धोक मार्ग होय. अर्ज आवक बारनिशीत नोंदवून पोच घ्यावी. असे अर्ज कोणत्या गतीने वर सरकतात हे स्वतः अव्वल कारकून असल्यामुळे भाऊसाहेब जाणतातच. उत्तर येईतो लेखनाची हौस पुष्कळदा आपोआप फिटते, ही या मार्गाची दुसरी सोय.

खाजगी नोकरीतील वाचकांनी नेमणूकपत्राचे शेवटचे पान वाचावे. पगाराचा आकडा पहिल्या पानावर असल्याकारणाने तेवढेच पान वाचण्याची आपली पूर्वापार रीत आहे, आणि दुसऱ्या धंद्यास मनाई करणारी अट लिहिणाऱ्यास ही रीत चांगली ठाऊक असते.

कलम २ : सरहद्द

दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याने आदर्श म्हणून नवापूरच्या रेल्वे स्थानकाकडे पाहावे. या स्थानकाच्या फलाटावरून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत. इतके असूनही गाडीचा खोळंबा त्यापायी होत नाही, कारण कोणते काम कोणत्या हद्दीत करावयाचे याविषयी तेथे घोळ नाही. हाच दंडक भाऊसाहेबांनी स्वतःस लावावा. सरकारी संगणकावर परदेशस्थ आशिलाचा एक शब्दही टंकलिखित करू नये. सरकारी कागदाच्या पाठीवर लेखाचा आराखडा काढू नये. विशेषतः दोन्ही मजकूर एकाच काळी डोक्यात ठेवू नयेत. अन्यथा अतिवृष्टीच्या पंचनाम्याच्या टिपणीखाली ‘सविनय सादर’ याऐवजी ‘आजच मागवा, साठा मर्यादित’ असे लिहिले जाण्याचा संभव असतो, आणि उलटपक्षी शिकागोच्या गादीविक्रेत्यास त्याच्या गाद्यांचे वर्णन ‘प्रकरणी उचित कार्यवाही होणेस विनंती’ या शब्दांनी समाप्त झालेले आढळते. यांपैकी पहिल्या चुकीबद्दल कारणे दाखवा नोटीस निघते. दुसऱ्या चुकीबद्दल एकच तारा मिळतो, आणि तो अधिक दिवस टिकतो.

कलम ३ : कालविभाग

न्यूयॉर्कचा व्यापारी सकाळी नऊ वाजता आपल्या कचेरीत बसतो तेव्हा चिंचपाड्यास उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कारण ते लोक वर्षातून दोनदा आपली घड्याळे सरकवितात आणि आपण सरकवीत नाही. यावरून सुज्ञांच्या ध्यानी येईल की, भाऊसाहेब सायंकाळच्या गाडीने परतून पाय धुतात, त्याच मुहूर्तावर त्यांच्या दुसऱ्या धन्याचा दिवस उगवतो, आणि त्या धन्याचे दुपारचे तातडीचे काम भाऊसाहेबांच्या पानावर भाकरी पडल्यावर येते. या संकटावर उपाय म्हणून पुढील वेळापत्रक सुचविले आहे : सायंकाळी वाचन, रात्री लेखन, मध्यरात्री फेरफार, पहाटे पश्चात्ताप, आणि सकाळच्या गाडीत निद्रा. या निद्रेस मात्र मर्यादा आहे. गाढ झोप लागली तर गाडी राज्याची सीमा ओलांडून सोनगड, व्यारा असे करीत सुरतेकडे नेते, आणि हजेरीपटावरील लाल रेघेस ‘अमेरिकेतील घड्याळ’ हे कारण अद्याप मान्य झालेले नाही.

पावसाळ्यात वीज जाते, विजेच्या मागोमाग इंटरनेटही जाते. तेव्हा मुदत पाळण्याचे वचन देताना आषाढ व श्रावण हे दोन मास वगळून द्यावे. आशील कारण विचारील, तर खरे कारण सांगावे. ते त्यास इतके काल्पनिक वाटेल की तो आपल्या प्रतिभेवर खूश होऊन पुढचे काम देईल.

कलम ४ : विषय

या धंद्याचा मूलभूत सिद्धांत असा की, लेखकास जे ठाऊक आहे त्यास दर नसतो आणि ज्यास दर असतो ते लेखकास ठाऊक नसते. भाऊसाहेबांस भाताची आवणी ठाऊक आहे, सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात काय काय दडलेले असते ते ठाऊक आहे, आजूबाजूच्या पाड्यांवर बोलल्या जाणाऱ्या मावचीत चार माणसांशी गोडीने बोलता येते. परंतु यांपैकी एकाही विषयास मागणी नाही. मागणी आहे ती कॅनडातील घरासमोरचा बर्फ लवकर कसा उपसावा, या विषयास. तेव्हा ज्याने नंदुरबारच्या वैशाखात अंगणात बाज टाकून रात्री काढल्या, त्याने बर्फाच्या फावड्याची मूठ लाकडी असावी की प्लास्टिकची, यावर अधिकारवाणीने बाराशे शब्द लिहावेत, आणि त्यांत आशिलाने नेमून दिलेला शब्दसमूह अकरा ठिकाणी असा पेरावा की वाचकाच्या तो दृष्टीस पडू नये, पण गुगलच्या पडावा. मनुष्य वाचील या आशेने लिहिलेला मजकूर आणि यंत्र वाचील या खात्रीने लिहिलेला मजकूर यांत हा भेद आहे, आणि दर दुसऱ्यास आहे.

कलम ५ : दर, दलाली, वसुली

शब्दास पन्नास पैसे हा दर उदाहरणार्थ धरला, तर बाराशे शब्दांचे ६०० रुपये होतात. हा आकडा सौभाग्यवतींस सांगण्यास उत्तम आहे. स्वतःशी हिशेब करताना मात्र लेखनास तीन तास, फेरफारास दोन तास आणि पैशांच्या तगाद्यास एक तास धरून त्यास सहाने भागावे, आणि भागाकार कोणासही सांगू नये. मध्यस्थ संस्थेची दलाली याखेरीज. फायव्हर ही संस्था विक्रेत्याच्या मिळकतीतून २० टक्के कापते, म्हणजे पाच लेखांपैकी एक लेख भाऊसाहेब त्या संस्थेच्या चरणी अर्पण करतात.

आशील देशी कंपनी असेल आणि वर्षाची रक्कम ठरीव मर्यादेपलीकडे गेली, तर व्यावसायिक शुल्क या नात्याने १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो. यात एक मान आहे : कचेरीत ज्यास कोणी व्यावसायिक म्हणाले नाही, त्यास आयकर खाते तसे म्हणते. या मानाची किंमत अशी की, पगारदारांकरिता असलेले ‘सहज’ नावाचे साधे विवरणपत्र यापुढे भाऊसाहेबांस चालत नाही. धंद्याचे उत्पन्न दाखविणारे दुसरे, अधिक पानांचे पत्र भरावे लागते. ते भरून देणारा सल्लागार नंदुरबारास मिळेल. त्याचे शुल्क पहिल्या वर्षीच्या मिळकतीतून भागते, आणि बहुधा तेवढ्यासाठीच भागते.

कलम ६ : नाव

नोकरी करीत लिहिणे ही मराठीत नवी गोष्ट नव्हे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहीत होते. ती शतपत्रे म्हणून विख्यात झाली. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते आणि तेथील राजदफ्तराचेही काम त्यांनी पाहिले. चिंचपाड्याच्या पश्चिमेस जे सोनगड आणि व्यारा आहेत, तो मुलूख त्या वेळी त्याच गायकवाड सरकारचा होता. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या बेस्टमध्ये आणि व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुतज्ज्ञ म्हणून नोकरीस होते. या सर्वांच्या वेतनाचा मराठी वाङ्मयावर जो उपकार आहे त्याची नोंद वाङ्मयेतिहासकारांनी अद्याप यथायोग्य घेतलेली नाही. पगार एक तारखेस होत असल्यामुळे ते आपणांस हवे ते लिहू शकले.

भाऊसाहेबांचा मामला निराळा आहे. लोकहितवादींनी नाव झाकले ते समाजास कडू बोलता यावे म्हणून. भाऊसाहेबांचे नाव झाकले जाते ते बर्फाच्या फावड्याखाली टोरोंटोच्या कोणा गृहस्थाची सही बसविता यावी म्हणून. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा याबाबतीत लेखकाच्या बाजूचा आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत समजला जातो. आणि हक्क विकल्यावरही ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये लेखकाकडे शिल्लक राहतो. हे कलम पाठ करावे. फावड्याचा लेख आपला आहे असे जगास ओरडून सांगण्याची इच्छा मात्र भाऊसाहेबांस होणार नाही, आणि कायद्याने राखून ठेवलेला अधिकार असा बिनवापर पडून राहील.

कलम ७ : यंत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून बाराशे शब्द मिनिटभरात लिहून देणारा प्रतिस्पर्धी या धंद्यात आला आहे. तो अपडाऊन करीत नाही, आणि रजेचा अर्जही देत नाही. परिणामी आशील प्रथम मजकूर दुसऱ्या एका यंत्रास दाखवितो, आणि तो मनुष्याने लिहिल्याचा निर्वाळा मिळाल्यावरच पैसे देतो. ज्याचे गद्य कचेरीत बावीस वर्षे परिपत्रके वाचून घडले आहे, त्यास हा निर्वाळा मिळणे कठीण जाते. यंत्रास ते गद्य आपल्याच भाऊबंदांचे वाटते. उपाय एकच : वाक्ये थोडी वेडीवाकडी ठेवावीत, मधेच स्वतःचे एखादे मत घालावे, एखादा अनुभव सांगावा. हे करताना आपण पुनश्च लेखक होत आहोत अशी शंका आल्यास ताबडतोब थांबावे. या दरात ते परवडत नाही.

कलम ८ : गृहशांती

ही कलमे पाळून मनुष्य दोन्ही धन्यांस तुष्ट ठेवू शकतो. दोन्हीकडे चुकविलेले तास मात्र तिसऱ्याच खात्यातून भरले जातात, आणि ते खाते घरचे असते. “अहो, पोराचा गणिताचा पेपर उद्या आहे,” असे सौभाग्यवती म्हणतील तेव्हा ‘एवढी एक डेडलाइन’ हे उत्तर महिन्यातून एकदाच वापरावे. रविवार हा दिवस कोणासही, कोणत्याही दरात विकू नये. त्या दिवशी काही लिहावेसे वाटलेच, तर जे ठाऊक आहे आणि ज्यास दर नाही ते लिहावे. आवणी, सातबारा, मावची बोलणारी शेजारीण, हे सारे विषय अद्याप मोकळे आहेत.

कलम ९ : राजीनामा

धंदा बरा चालू लागल्यावर नोकरी सोडावी काय, हा प्रश्न उपस्थित होतोच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेत शिक्षक असतानाच १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली, पुढे नोकरीचा राजीनामा दिला, आणि १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे केले. हा दृष्टान्त देऊन पुष्कळ तरुण आपल्या वरिष्ठांस भेटावयास निघतात. त्यांनी प्रथम दोन गोष्टी तपासाव्यात : आपली ‘माला’ आपल्याच नावाने निघते काय, आणि कचेरीबाहेर आपल्यासाठी बाळ गंगाधर टिळक उभे आहेत काय. दोन्हींचे उत्तर नकारार्थी असल्यास राजीनामा सादर करू नये, परंतु त्याचा मसुदा अवश्य लिहावा, आणि सावकाश, रविवारी लिहावा. त्यात कोणताही शब्दसमूह अकरा वेळा पेरावा लागत नाही, शब्दमर्यादा नाही, मनुष्याने लिहिल्याचा निर्वाळा कोणी मागत नाही, आणि खाली सही भाऊसाहेबांची स्वतःची असते. सर्व बाजूंनी विचार करता त्यांच्या हातून उतरलेला तो सर्वोत्कृष्ट मजकूर ठरण्याचा संभव आहे. सबब त्याची एक प्रत घरी ठेवावी, आणि तो पन्नास पैसे दराने कोणास विकू नये.